सुपारीच्या कप्प्यातले दात

माझ्या तोंडात आता अकरा दात उरले आहेत. बारावा गेल्या महिन्यात काढला. काढणारी डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिनं मला आ करायला लावलं, आत बत्ती मारली आणि म्हणाली, "आजी, कवळी बसवून घ्या, अंगावर काढू नका. ज्यांचे दात लवकर जातात ती माणसं इतरांपेक्षा लवकर जातात, असं दिसून आलंय." माझ्या तोंडात कापूस कोंबलेला होता, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर सांगितलं असतं, की बाई, तू हे पुस्तकात वाचलंस, मी सासरी बघितलं. तेही दोनदा, आणि दुसऱ्यांदा कळायला मला फार उशीर झाला.

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा पोलीस ॲक्शनला दोनेक वर्षं झाली होती. माहेर उदगीरकडचं, सासर चिटगुप्प्यापासून दोन कोसांवरचं खेडं. माहेरी नुसती मराठी. सासरी देवाशी कानडी, बैलांशी मराठी आणि कचेरीतल्या माणसाशी अजून उर्दू बोलायचे. मी सोळा वर्षांची आणि तोंडानं फटकळ होते. सासरी ते तोंड पदराखाली ठेवावं लागलं. घरात माणसं चारच: सासरे, त्यांना सगळं गाव अप्पा म्हणे, सासू, त्यांना अव्वा, नवरा आणि मी. सासऱ्याशी सुनेनं समोरासमोर बोलायचं नाही, अशी रीत. काही सांगायचं असलं तर अव्वांना सांगायचं, त्या पुढं पोचवायच्या.

आमच्यात जेवण म्हणजे प्रसाद. आंघोळ, विभूती, लिंगपूजा झाल्याशिवाय अप्पा पाटावर बसत नसत. आणि एकदा ताटात पडलेलं काही म्हणून टाकायचं नाही. शेवटी ताटात पाणी ओतून, बोटानं ताट धुऊन, ते पाणीसुद्धा पिऊन टाकायचं. माहेरीही हे होतं, पण सणासुदीपुरतं. इथं रोज. पहिल्याच आठवड्यात माझ्या ताटात आमटीतली एक मिरची राहिली, तर अव्वा हळूच म्हणाल्या, "तेवढी खाऊन टाक की. अप्पा बघायलेत." मी ती मिरची खाल्ली आणि डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं.

पुरुष उठले की मी आणि अव्वा जेवायचो. म्हणजे मी आधी आणि अव्वा मागून. त्या चुलीकडं तोंड करून, माझ्याकडं अर्धी पाठ, तोंडावर पदर. आम्ही महिन्यातून दोनदा कडक भाकऱ्या करून ठेवत असू; पापडासारख्या पातळ, वाळवलेल्या, दुरडीत उतरंड रचलेली. मोडली की कट् वाजली पाहिजे. अव्वा त्यातले खरपूस काठ, शेंगाची चटणी, कांद्याची फोड, सगळं माझ्या ताटात सरकवायच्या. "तू खा, पोटुशी हायस," म्हणायच्या. मी पोटुशी नसतानाही खाल्लं, असतानाही खाल्लं. माझ्या आईनं कधी स्वतःच्या ताटातलं मला इतकं दिलं नव्हतं. सासू इतकी मायाळू मिळाली म्हणून मी माहेरी जाऊन बढाया मारल्या.

दुसऱ्या वर्षी अप्पांचं जेवण कमी व्हायला लागलं. आधी कांदा सुटला. मग शेंगाची चटणी. मग एक दिवस त्यांनी आपला पितळी पानाचा डबा उचलून फळीवर ठेवला आणि म्हणाले, "सोडलो." अप्पा दिवसाला दहा पानं खाणारा माणूस. गावात कुणाचा विश्वास बसेना. मग भाकऱ्या चाराच्या दोन झाल्या, दोनाची एक, आणि ती एकही वरणात बुडवून बुडवून तासभर. संध्याकाळी नुसती वाटीभर अंबील. वाढायला गेलं की ताटावर हात आडवा, "बास." टाकायचं तर नाही, मग घ्यायचंच कमी.

गावानं याचा अर्थ काय लावला, तर अप्पांना विरक्ती आली. आमच्याच लोकांना असं सुचू शकतं. श्रावणात मठात पुराण चालायचं, तिथं म्हाताऱ्या स्वामींनी सगळ्यांसमोर सांगितलं, की जिभेवर ताबा कसा असतो ते बघायचं असेल तर ह्या अप्पांच्या ताटात बघा. झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक घरी येऊन पाया पडायला लागले. बायका लेकरं आणून पायावर घालायच्या. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं ईर्ष्येनं रात्रीचं जेवण सोडलं आणि चौथ्या दिवशी शेतात गूळ-शेंगा खाताना सापडला. आमचे हे तर मान ताठ करून चिटगुप्प्याच्या बाजारात हिंडायचे. मीही काही कमी नव्हते. पाणवठ्यावर मला वाट मिळायला लागली आणि मला ते आवडायला लागलं.

दिवाळीनंतर मात्र मला भीती वाटू लागली. सदरा अप्पांच्या खांद्यावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. गालांना खळगे पडले. एकदा विहिरीच्या काठावर घेरी येऊन बसले. गड्यानं धरून आणलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. हे म्हणाले, "वय झालं." अप्पा साठीलाही पोचले नव्हते. माझे आजोबा सत्तरीत माझ्या माहेरी नांगर धरत होते, पण ते कुणाला सांगायचं?

मग माझा पाय मुरगळला. हळद-चुन्याचा लेप लावायचा तर चुना हवा, आणि घरातला चुना फळीवरच्या पानाच्या डब्यात. अव्वा गोठ्यात होत्या. मी डबा खाली घेतला आणि उघडला. चुन्याच्या डबीत चुना दगड झालेला. शेजारच्या कप्प्यात सुपारीची खांडं दिसली. मी एक उचललं, आणि हातातून टाकलं. तो दात होता. लांब, पिवळा, मुळाशी काळा. कप्प्यात तसे नऊ होते. एकाला अजून दोरा बांधलेला होता. त्या दोऱ्यानं त्यांनी तो आपल्या हातानं उपटला असणार. दात, दाढा, सगळं नीट ओळीनं ठेवलेलं. का ठेवले होते कुणास ठाऊक. लेकराचा पडलेला दात कौलावर टाकायची रीत आहे, मोठ्या माणसाच्या दाताला रीतच नाही. मला आधी हसू आलं आणि मग एकदम कळलं. हा माणूस वर्षभर भुकेला होता, आणि आम्ही सगळे त्याच्या पाया पडत होतो.

नवऱ्याला सांगितलं तर ते भडकले. "कामून असं बोलायलीस? अप्पा काय गावाला फसवायलेत का?" मी म्हटलं, फसवत नसतील, पण मरतील. त्यावर ते उठून बाहेर गेले. मग मी डबा अव्वांच्या पुढ्यात नेऊन उघडला. त्यांनी आत बघितलं आणि झाकण लावलं.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का न्हाई?"

"आधी त्यांना लाज वाटायली म्हणून मी गप बसले. मग लोक पाया पडायले. आता कुण्या तोंडानं सांगायचं, विरक्ती न्हाई, दात न्हाईत म्हणून?"

"न्हाई सांगितलं तर जातील की ओ."

अव्वांनी डबा पदराखाली घेतला, म्हणाल्या, "चल," आणि आम्ही दोघी भर दुपारी मठात गेलो. मी लंगडत.

स्वामी ओसरीवर एकटेच होते. अव्वांनी डबा त्यांच्यापुढं ठेवून उघडला. मला वाटलं आता रागावतील. स्वामी बघत राहिले, मग इतके हसले की खोकला लागला. खोकला थांबल्यावर त्यांनी स्वतःचं तोंड उघडून आम्हाला दाखवलं. आत एकही दात नव्हता. "बारा वरसं झाली, मी रोज भाकर कुटून खायलोय," ते म्हणाले. "मला कुणी विरक्त म्हणंना, आन् ह्यांना मीच म्हणून बसलो." मग हसणं थांबलं. ते म्हणाले, "माझ्या बोलण्यानं त्यांचं तोंड बांधलं गेलं. आता मलाच सोडावं लागंल. सोमवारी जेवायला येतो. पोरी, चार कडक भाकरी कुट."

सोमवारी मी स्वयंपाकघरातल्या जमिनीत पुरलेल्या दगडी उखळात चार भाकऱ्या कुटल्या. त्यात शिजलेली तूर, बारीक चिरून शिजवलेली मेथी, शेंगांचं कूट, तूप घातलं आणि पुन्हा मुसळानं एकजीव केलं. स्वामी पाटावर बसले, शेजारी अप्पा, समोर हे. दारात पाया पडायला आलेली चार माणसं उभी होती, ती स्वामींनी मुद्दाम थांबवून घेतली. अप्पांनी सवयीनं ताटावर हात आडवा धरला. स्वामींनी तो हात बाजूला केला आणि आपल्या हातानं दोन मुठी त्यांच्या ताटात घातल्या.

"प्रसाद हाय. न्हाई म्हणायचं न्हाई."

जंगमाच्या, म्हणजे गुरूच्या, हातचा प्रसाद नाकारायची आमच्यात सोय नाही. अप्पांनी घास घेतला, जिभेनं टाळूला दाबला आणि गिळला. मग दुसरा. मग त्यांनी वर बघितलंच नाही. स्वामींनी आणखी दोन मुठी घातल्या, त्याही गेल्या. मग ताट धुऊन ते पाणी प्यायले. स्वामी दारातल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी आज्ञा हाय. रोज हेच खायाचं." अशा रीतीनं अप्पांची अब्रूही राहिली आणि जेवणही सुरू झालं. भूक लागली म्हणून खाणं कमीपणाचं होतं. स्वामींची आज्ञा म्हणून खाणं चालत होतं.

आठवड्यानं त्यांचा जबडा सुजला, तेव्हा हे त्यांना बिदरला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरनं सडलेली तीन खुंटं काढली, पू काढला आणि दरडावून विचारलं, "दाँतां गए तो गए, खाना काय कू छोड़े बाबा?" ह्यांना तो म्हणाला, की तोंडातला हा पू रोज पोटात जात होता आणि पोटात अन्न जात नव्हतं, अजून एक पावसाळा अप्पांनी बघितला नसता. घरी येताना ह्यांनी बाजारातून माझ्यासाठी चोळीचा खण आणला. मी समजून घेतलं.

चार महिन्यांत अप्पा अंगानं भरले. पान पुन्हा सुरू झालं, छोट्या खलबत्त्यात कुटून. बैलांवर ओरडायला लागले, माझ्या आमटीत मीठ कमी आहे असा निरोप अव्वांमार्फत पाठवायला लागले. मला फार बरं वाटलं. माणूस मी वाचवला, असं मनातल्या मनात मी म्हणत असे, आणि अजूनही म्हणते. त्यात खोटं काही नाही.

रोज सकाळी मी अप्पांपुरतं कुटायची. कुटून वाढून घेतलं की अव्वा म्हणायच्या, "उखळ मी धुते. तू लेकराला बघ." तोवर मला मुलगा झाला होता, पुढं मुलगीही झाली. पुरलेलं उखळ धुणं म्हणजे वाकून, हातानं खरवडून, तळ पुसून घेणं. कंबर मोडायचं काम. एकदा मी म्हटलं, "राहू द्या, मी करते." तर त्या चिडल्याच. "न्हाई म्हणलं ना?" मी मनात म्हटलं, किती जीव लावते ही बाई. आणि त्यांनी सरकवलेला भाकरीचा काठ कटाकट चावून खाल्ला.

असं चारेक वर्षं चाललं.

त्या पावसाळ्यात गावात एकच बोलणं होतं, आपण कुठल्या राज्यात जाणार. हे रोज चावडीवरून नवीन बातमी आणायचे. अव्वांना ताप आला तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही, कारण ताप गावात घरोघरी होता. माझ्या मुलांना आला आणि तीन दिवसांत गेला. अव्वांचा गेला नाही. चिटगुप्प्याच्या डॉक्टरला आणलं. त्यानं नाडी बघितली, दंड धरून बघितला आणि ह्यांना म्हणाला, "ताप साधाच आहे हो. पण लढायला अंगात काही शिल्लकच नाही. काय खातात ह्या?"

हे म्हणाले, "घरात सगळं आहे."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आमच्यानंतर जेवतात." यापलीकडं मला काही माहीत नव्हतं. सहा वर्षं एका चुलीपाशी बसले, आणि मला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी स्वामी तीर्थ घेऊन आले. अव्वांना गिळता येत नव्हतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तीर्थ सोडायला बोटानं तोंड उघडलं. पुढचे चार दात होते, मिसरीनं काळे झालेले. ते मला माहीत होते, हसताना पदराआडून तेवढेच दिसायचे. त्यांच्या मागं दोन्ही बाजूंना काही नव्हतं. वर नाही, खाली नाही. हिरड्या घट्ट आणि गुळगुळीत होत्या. म्हणजे दाढा जाऊन कैक वर्षं झाली असणार, मी ह्या घरात यायच्या आधीपासून. तीर्थ ओठाच्या कोपऱ्यातून माझ्या लुगड्यावर आलं. दुपारी अव्वा गेल्या. विभूती लावून, हातात लिंग देऊन, बसवून त्यांना शेतात माती दिली.

आमच्यात सुतक धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी चूल पेटली. मी अप्पांसाठी भाकऱ्या कुटल्या, वाढून घेतल्या आणि सवयीनं थांबले, उखळ धुवायला कुणीतरी येईल म्हणून. कुणी आलं नाही. मग मी स्वतः वाकले. उखळाच्या तळाशी आणि कडांना कूट चिकटून राहिलं होतं. मी ते हातानं खरवडून गोळा केलं. एक मूठ भरली. शिजलेली तूर, मेथी, शेंगा, तूप, सगळं त्यात होतं. आणि मला कळलं, अव्वा चार वर्षं रोज काय जेवत होत्या.

कडक भाकरी त्यांना चावत नव्हती. शेंगा चावत नव्हत्या, कांदा चावत नव्हता. म्हणून ते माझ्या ताटात यायचं. माया नव्हती असं मी म्हणणार नाही, ती होतीच. पण गाव अप्पांच्या दातांना विरक्ती म्हणालं म्हणून मी गावाला हसले, आणि स्वतः अव्वांच्या दातांना माया म्हणून त्यांच्या वाटणीच्या शेंगा खात बसले. स्वतःसाठी म्हणून वेगळं काही कर, हे त्या मला कधीच म्हणाल्या नसत्या. सासू असून म्हणाल्या नसत्या. आणि मी विचारलं नाही. मला स्वतःचा इतका राग आला की ती मूठ तशीच धरून मी उखळापाशी बसून राहिले.

बाहेर पाटावर अप्पा थांबले होते. ताट नेऊन ठेवलं तेव्हा माझ्या हाताला ते कूट तसंच लागलेलं होतं आणि डोळे थांबत नव्हते. अप्पांनी भिंतीकडं बघत विचारलं, "काय झालं?" मधे निरोप पोचवायला आता कुणी नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी बोलले.

"अव्वांना बी दाढा नव्हत्या, अप्पा. तुमचं कुटून झालं की उखळाला चिकटलेलं तेवढंच खायच्या त्या. उखळ मीच धुते म्हणायच्या."

अप्पांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग ताटाकडं. त्यांना उठायचं होतं, मला दिसत होतं. पण वाढलेलं टाकता येत नाही. ते बसून राहिले आणि एकेक घास करत सगळं खाल्लं. रडत खाल्लं. मग ताटात पाणी ओतलं, बोटानं ताट धुतलं, ते पाणी प्यायले आणि रिकामं ताट माझ्याकडं सरकवलं.

"दोन मुठी जास्ती कुटायचं होतं, बाई," ते म्हणाले.

मी म्हटलं, "व्हय."